दुखणाईताची साक्ष

आपल्या भाषेत 'सोशिक' हे विशेषण नेहमी कौतुकाने वापरले जाते. सून सोशिक असली की चार घरांत तिचे नाव निघते, आणि कर्करोगाने महिनेन् महिने अंथरुणाला खिळलेला माणूस हूं की चूं न करता गेला, तर त्याच्या दहाव्याला जमलेले लोक माना हलवून म्हणतात, "फार सोशिक हो! शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही." एका तालुक्याच्या गावी मी चाळीस वर्षे डॉक्टरकी केली. हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले, आणि सांगावयास लाज वाटते, पुष्कळदा उच्चारलेही. आता त्या शब्दाविरुद्धच मला भांडावयाचे आहे. नुसत्या कळवळ्याच्या जोरावर नव्हे. गेल्या पन्नास वर्षांत आनुवंशशास्त्राने जो पुरावा पुढे आणला त्याच्या आधाराने. आणि त्याच पुराव्याची ढाल करून दुखणाईताला पुन्हा गप्प बसविण्याचा जो नवा उद्योग सुरू होऊ पाहत आहे, त्यालाही माझा तितकाच विरोध आहे.

आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगतो, म्हणजे फिर्याद करण्याचा माझा अधिकार वाचकांना तपासता येईल.

गोष्ट २०११ सालची. आमच्या गावचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही म्हणे. गालाच्या आतल्या बाजूस त्यांना कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि वर्षभराने रोग जबड्याच्या हाडात पुन्हा उपटला. आता करण्यासारखे काही नाही, घरीच आराम करा, असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले, आणि ते माझ्याकडे आले. मी त्यांना ट्रॅमॅडॉल सुरू केले. चार दिवसांनी ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्या गोळीने मळमळते फार, पण ठणका आहे तिथेच आहे." मी मात्रा वाढविली. पुन्हा तेच. शेवटी दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे पुस्तकात घातलेल्या मर्यादेपर्यंत, मी जाऊन पोहोचलो. गुरुजी रात्ररात्र भिंतीला टेकून बसून काढीत. तेव्हा त्यांच्या पत्नीच्या देखत मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, मनही थोडे घट्ट करावे लागते. ह्याच गोळीने आपल्या पेठेतल्या शिंप्याला पूर्ण आराम पडला होता." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "त्याला पडला असेल. मी खोटे कशाला सांगू?" त्यानंतर त्यांनी तक्रार करणे सोडून दिले. आणि मी त्यांच्या कागदावर लिहिले: 'वेदना कमी.'

तीन आठवड्यांनी त्यांचा पुतण्या त्यांना मुंबईच्या एका रुग्णालयातील वेदना-चिकित्सा विभागात घेऊन गेला. तिथे मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या रात्री गुरुजी आडवे झोपले. पुढे दोन महिन्यांनी ते गेले. पण ते दोन महिने त्यांनी नातवंडांना गोष्टी सांगण्यात घालविले. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. सोशिक होते ना!

गुरुजींची जनुके कोणी तपासली नव्हती. त्यामुळे त्यांच्या बाबतीत नेमके काय घडले हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित त्यांचा ठणकाच त्या औषधाच्या आवाक्याबाहेरचा असेल. परंतु पेठेतल्या शिंप्याला लागू पडलेली गोळी गुरुजींच्या बाबतीत जवळजवळ खडूची गोळी ठरू शकते, आणि तसे झाले तर त्यात गुरुजींच्या मनाच्या घट्टपणाचा काडीइतका संबंध नसतो, ही गोष्ट विज्ञानाला तेव्हाही माहीत होती. ती मला माहीत नव्हती, किंवा माहीत असून आठवली नाही, हा माझा गुन्हा.

ती गोष्ट अशी. अफूपासून निघणारे मॉर्फिन हे वेदनेवर स्वतः काम करणारे औषध आहे. कोडीन तसे नाही. कोडीन पोटात गेल्यावर त्यातला थोडासा भाग, शंभरातला पाच-दहा भाग, यकृतात मॉर्फिन बनतो. आणि कोडीनचा जो काही उतार पडतो तो मुख्यतः ह्या थोड्याशा मॉर्फिनमुळे. ट्रॅमॅडॉलचेही पुष्कळसे असेच आहे. मूळ स्वरूपात ते थोडेफार काम करते. परंतु अफूच्या जातीचे जे त्याचे खरे बळ, ते यकृतात रूपांतर झाल्यावरच प्रगट होते. हे रूपांतर घडविणारे एक एंझाइम आहे. त्याला शास्त्रज्ञांनी 'सीवायपी२डी६' असे आगगाडीच्या डब्यावर शोभेल असे नाव दिले आहे. हे एंझाइम घडविण्याचा आदेश ज्या जनुकात असतो त्याची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक बापाकडून. दोन्ही प्रती निकामी निघाल्या, तर त्या माणसाच्या यकृतात हा कारखाना बंदच. तो कोडीन घेवो वा ट्रॅमॅडॉल घेवो, मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठ हे सारे त्याच्या वाट्याला येऊ शकते; आराम मात्र येत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत शेकडा पाच ते दहा माणसे अशी असतात. आपल्याकडे ती त्याहून कमी, शेकड्याला दोन-चार. उलट काहींच्या वाट्याला ह्या जनुकाच्या जादा प्रती आलेल्या असतात. त्यांच्या यकृतात कोडीनचे मॉर्फिन इतक्या झपाट्याने होते, की नेहमीची मात्राही विषासारखी ठरावी. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले श्वास मंदावून दगावली, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्याविरुद्ध कडक इशारा काढला, आणि २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी कोडीन वर्ज्य ठरविले.

हे एंझाइम माणसामाणसांत निरनिराळे असते हा शोध कसा लागला, तेही ऐकण्यासारखे आहे. औषधांचा परिणाम आणि आनुवंशिकता ह्यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राला जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फोगेल ह्याने १९५९ सालीच नाव दिले होते. पण ह्या विशिष्ट एंझाइमची कथा १९७५ सालची आहे. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात रॉबर्ट स्मिथ हे संशोधक डेब्रिसोक्विन नावाच्या, रक्तदाब उतरविणाऱ्या औषधाचा अभ्यास करीत होते. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी स्वतःही ते घेऊन पाहिले. सहकाऱ्यांना विशेष काही झाले नाही. स्मिथ ह्यांचा रक्तदाब मात्र इतका कोसळला की उभे राहण्याची सोय उरली नाही. मग शोध सुरू झाला, आणि १९७७ साली जाहीर झाले की हे औषध पचविण्याची शक्ती काही माणसांत जन्मतःच नसते. कोडीन आणि ट्रॅमॅडॉल ह्यांचे रूपांतर करणारे एंझाइम तेच, हे पुढे कळले.

ह्या कथेतून लोक विज्ञानाचे माहात्म्य काढतात. मला तिच्यातून वेगळेच काही दिसते. जमिनीवर आडवा झाला तो प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता, म्हणून सहकाऱ्यांनी विचारले, "ह्यांच्याच शरीरात असे का झाले?" तोच एखादा खाटेवरचा दुखणाईत असता, तर कोणीतरी म्हणाले असते, "बाकीच्यांना काही होत नाही, हेच जरा नाजूक." दोन्ही ठिकाणी पुरावा सारखाच, फरक फक्त साक्षीदाराच्या प्रतिष्ठेचा. 'मला गुण येत नाही' असे सांगणारा दुखणाईत हा आपल्या शरीरात घडलेल्या प्रयोगाचा निष्कर्षच सांगत असतो. त्याला परिभाषा येत नाही एवढेच.

आता कोणी विचारील, की मग तुम्ही गुरुजींना ट्रॅमॅडॉलच का देत बसलात? ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अज्ञानात आहे तितकेच आपल्या कायद्यात आहे, आणि ते सरळ सांगितले पाहिजे. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध जो कायदा झाला, त्याचा रोख चोरट्या व्यापाराकडे होता. त्याविषयी तक्रार नाही. पण त्याच्या जाळ्यात दुखणाईत सापडला. मॉर्फिनसाठी चार-चार, पाच-पाच परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी, खाते वेगळे. आणि कागदात चूक झाली तर दहा वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार. औषधवाल्यांनी शहाणपणाने मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ साली ह्या अवाढव्य देशात वर्षभरात औषध म्हणून वापरले गेलेले मॉर्फिन अवघे १८ किलो होते! आणि हा देश कोणता? तर मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकविणारा, नीमच आणि गाझीपूर येथे अफूचे सरकारी कारखाने चालविणारा, आणि ती अफू परदेशांना विकणारा. विहीर आपल्या अंगणात, पाणी शेजारच्या गावाला, आणि घरातले माणूस तहानलेले, असा हा प्रकार. केरळचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या थोड्या चिकाटीच्या माणसांनी वर्षानुवर्षे दारे ठोठावली, तेव्हा २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि परवान्यांचे जंजाळ कागदावर तरी पुष्कळ सुटले. तरीही २०१७ साली 'लॅन्सेट'च्या आयोगाने हिशेब मांडला तेव्हा भारताची वेदनाशामक अफू-औषधांची गरज शेकडा चारच्या आसपास भागत असल्याचे दिसले.

ह्या सर्व काळात ट्रॅमॅडॉल मात्र त्या कायद्याबाहेर मोकळे होते; २०१८ सालापर्यंत होते. म्हणून खेड्यापाड्यांतल्या आम्हां डॉक्टरांच्या हाती तेच उरले. आता ह्यातली विसंगती पाहा. जे औषध ह्या एंझाइमच्या मेहेरबानीवर मुळीच अवलंबून नाही ते कुलपात. आणि ज्याचा परिणाम माणसाच्या जन्मजात जनुकांवर सर्वांत जास्त अवलंबून, ते उघड्यावर. कायदा करणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसेल. परंतु परिणाम असा झाला, की देशातल्या लक्षावधी कर्करोग्यांचा आराम आपण आनुवंशिकतेच्या सोडतीवर सोपवून दिला. आणि ज्यांची चिठ्ठी कोरी निघाली त्यांना सांगितले, मन घट्ट करा.

इथपर्यंत वाचून एखादा उत्साही वाचक म्हणेल, "मग प्रत्येक कर्करोग्याची जनुके तपासून घ्यावीत, प्रश्न मिटला!" हेच म्हणणारे लोक हल्ली वाढू लागले आहेत. लाळेचा किंवा रक्ताचा नमुना द्या, काही हजार रुपये भरा, आणि कोणते औषध लागू पडेल ह्याचा रंगीत तक्ता घ्या, अशी ही टूम आहे. माझा विज्ञानाशी वाद नाही. ज्याला परवडते त्याने ही तपासणी जरूर करावी. अहवालात एंझाइम निकामी अथवा अतिवेगवान दिसले तर त्याला कोडीन आणि ट्रॅमॅडॉल देऊ नये, हे आता जाणत्या मंडळींनी नियम म्हणूनच सांगितले आहे. पण ह्यापलीकडे जाऊन 'तुमच्या वेदनेचे रहस्य तुमच्या जनुकांत' अशी जी जाहिरातबाजी चालते, ती शास्त्राच्या नावाने केलेली अतिशयोक्ती आहे.

कारण मॉर्फिनचीच गोष्ट घ्या. मज्जातंतूंवर मॉर्फिन ज्या जागी जाऊन बसते, ती जागा घडविणाऱ्या जनुकातही फरक असतात; त्यांतला एक फरक युरोपीयांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत अधिक आढळतो. नॉर्वेमध्ये २००४ साली थोड्या कर्करोग्यांवर झालेल्या पाहणीत असे दिसले होते, की ज्यांना हा फरक आईबाप दोघांकडून आला त्यांना मॉर्फिन अधिक लागते. मोठा गाजावाजा झाला. पुढे त्याच संशोधकांनी अनेक युरोपीय देशांतले २२९४ कर्करोगी गोळा केले, एक नव्हे तर पंचवीस जनुके पारखली, आणि २०११ साली प्रामाणिकपणे लिहून टाकले, की ह्यांपैकी एकाचाही रोग्याला लागणाऱ्या मात्रेशी भरवशाचा संबंध लागत नाही. मला ह्या माणसांविषयी फार आदर वाटतो. आपलाच शोध आपल्याच हातांनी लहान करणे सोपे नसते.

ह्याचा अर्थ माणसामाणसांत फरक नाही असा नव्हे. फरक प्रचंड आहे. एकाला दिवसाला वीस मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला दोनशेही पुरत नाही. पण तो फरक एका जनुकात बसलेला नाही. त्यात अनेक जनुके आहेत, मूत्रपिंडाची स्थिती आहे, रोग हाडात आहे की मज्जातंतूत हे आहे, वय आहे, भीती आहे, आणि बरोबर चाललेली इतर औषधे आहेत. खिन्नतेवर देतात ते पॅरोक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन सुरू असेल, तर उत्तम जनुके घेऊन जन्मलेल्या माणसाचेही ते एंझाइम जखडले जाते, आणि त्याचे ट्रॅमॅडॉल फुकट जाते. जनुकांचा अहवाल हातात घेऊन बसलेल्या डॉक्टरला हे त्या कागदावर दिसणार नाही. दुखणाईताला विचारले तर मात्र तो सांगेल, "नवी गोळी सुरू झाल्यापासून जुनीचा गुण येईनासा झाला."

आणि माझे खरे भय निराळेच आहे. आपल्या समाजाला सटवाईची जुनी सवय आहे. सहाव्या रात्री ती येते, कपाळावर लिहून जाते, आणि मग जन्मभर जे वाट्याला येईल त्याला तो लेख जबाबदार. कर्करोगाचा ठणकासुद्धा आपण भोग म्हणून ह्याच खात्यावर मांडत आलो. आता ह्या सटवाईला प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढविला की काम भागले! "त्यांच्या जनुकांतच आहे हो ते, औषध लागू पडत नाही." म्हणजे पूर्वी दोष मनाचा होता, आता तो जन्माचा झाला; दोन्ही वेळा डॉक्टर मोकळा आणि दुखणाईत जिथल्या तिथे. ह्याच्याच पाठोपाठ जातीपातीची शास्त्रे येतात. अमक्या जातीचे लोक दणकट, तमक्या प्रांतातले हळवे, बायका मुळातच सहनशील. शेकड्याला दोन किंवा शेकड्याला दहा हे आकडे लोकसंख्येविषयी असतात; खुर्चीत समोर बसलेल्या माणसाविषयी ते काहीच निश्चित सांगत नाहीत. एकाच आईच्या पोटी आलेल्या दोन सख्ख्या भावांचे यकृत ह्या बाबतीत निरनिराळे असू शकते, तिथे जातीची काय कथा! आणि "आमच्या प्राचीनांनी प्रकृती ओळखून औषध द्या असे सांगितलेच होते" म्हणून मिशांना पीळ देणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की मग आपल्या गावात आज मॉर्फिनची गोळी मिळते का?

कारण उपाय जुनाच आहे, आणि स्वस्त आहे. साध्या मॉर्फिनच्या एका गोळीला चहाच्या एका कपाइतकेही पैसे पडत नाहीत. लहान मात्रेने सुरू करावे, दर चार तासांनी द्यावे, रोज विचारावे, आणि दुखणाईताच्या उत्तराप्रमाणे मात्रा कमीजास्त करावी. बरोबर रेचक द्यावे, कारण बद्धकोष्ठ ठरलेलेच. मूत्रपिंडे थकलेली असतील तर अधिक जपावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली जी तीन पायऱ्यांची शिडी घालून दिली होती, तिच्या मधल्या पायरीवर कोडीनसारखी दुबळी औषधे होती. आमची पिढी त्या पायरीवर रोग्याला आठवडेच्या आठवडे उभे करीत असे. इटलीत २४० कर्करोग्यांवर प्रयोग करून २०१६ साली दाखविण्यात आले, की मध्यम वेदनेलाही थोड्या मात्रेत मॉर्फिनच दिले तर शंभरांतल्या ८८ जणांना ठळक उतार पडतो. दुबळ्या औषधांनी तो ५५ जणांनाच पडला. दोन्हींतल्या ह्या तफावतीत किती गुरुजी रात्रभर भिंतीला टेकून बसलेले असतात, ह्याचा विचार मी टाळू शकत नाही.

मॉर्फिनची सवय लागेल, हा आक्षेप मला माहीत आहे. तो पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत कंपन्यांनी असली औषधे साध्या कंबरदुखीलाही सढळ हाताने खपविली आणि त्यातून केवढा अनर्थ झाला हे जगाने पाहिले. पण एका घरात महापूर आला म्हणून दुसऱ्या घरातल्या तान्हेल्याला पाणी नाकारावयाचे काय? हाडात कर्करोग पसरलेल्या माणसाला जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन, आणि गल्लीत विकले जाणारे व्यसन, ह्यांतला फरक कळण्याइतके आपण सुज्ञ आहोत असे मी समजतो. 'मॉर्फिन सुरू केले म्हणजे आता संपले' ही समजूतही टाकून दिली पाहिजे. गुरुजींचे शेवटचे दोन महिने मॉर्फिनने संपविले नाहीत; मॉर्फिनने ते त्यांना परत दिले.

आनुवंशशास्त्राकडून मी एकच गोष्ट शिकलो, आणि ती फार उशिरा शिकलो. माणसे आतून इतकी निरनिराळी आहेत, की एकाच्या आरामावरून दुसऱ्याच्या वेदनेचा निवाडा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. शास्त्राने दुखणाईताची साक्ष खरी ठरविली आहे. ती साक्ष घेण्यासाठी अजून तरी विचारण्याहून चांगले यंत्र निघालेले नाही.

दिवाळीच्या दिवसांत घरोघरी माणसे भेटतात. एखाद्या घरात आतल्या खोलीत असा कोणी पडून असेल. त्याच्याजवळ बसा, आणि 'बरे वाटते ना?' असे विचारू नका. त्या प्रश्नाला सोशिक माणूस नेहमी 'हो'च म्हणतो. 'काल रात्री किती वेळ झोप लागली?' असे विचारा. त्याचे उत्तर एका कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद त्याच्या डॉक्टरपुढे ठेवा. डॉक्टर म्हणाला, "ह्याच गोळीने दुसऱ्यांना गुण येतो," तर माझी गोष्ट त्याला सांगा. गुरुजींच्या कागदावर मी जे लिहिले होते ते आता मला खोडता येत नाही. पण पुढच्या कोणाच्या कागदावर ते लिहिले जाऊ नये, एवढ्यासाठी हा जबाब.